हातानं किती आटे गेले?

शिवप्पा,

तुला जाऊन आज सतरा दिवस झाले. काल दुपारी एक गिऱ्हाईक मळ्यातल्या इंजिनाचा बोल्ट घेऊन आलं आणि तसलाच दुसरा मागू लागलं. मी बोल्ट हातात घेतला, उजेडाकडे धरला आणि मागच्या पडवीकडे तोंड करून सवयीनं हाक मारली, "शिवप्पा, हा कुठला रे, अमेरिकन का विलायती?" गिऱ्हाईक माझ्याकडे बघत राहिलं. त्याला काय सांगणार? मी स्वतःच आत गेलो आणि तुझे डबे बघत उभा राहिलो.

तुझे ते पत्र्याचे डबे अजून तसेच आहेत. तुला इंग्रजी वाचता येत नव्हतं, म्हणून प्रत्येक डब्याच्या बाहेर तू त्यातलाच एक बोल्ट नटासकट तारेनं बांधून ठेवायचास. मी एकदा म्हणालो होतो की चिठ्ठ्या चिकटवू, मी लिहून देतो. तू म्हणालास, "चिठ्ठी खोटं बोलती, अण्णा. बोल्ट बोलत न्हाई." आपण एका वयाचे, तरी दुकान माझं म्हणून तू मला अण्णा म्हणायचास. मला ते आवडायचं, हे आता कबूल करतो.

तू पहिल्यांदा दुकानात आलास तो गिरणीतला फिटर म्हणून. दहा बोल्ट न्यायचास आणि संध्याकाळी तीन परत आणून द्यायचास. मला राग यायचा. एकदा मी भांडलोच. तू गल्ल्यावर बोल्ट मांडलेस आणि म्हणालास, "हे बोल्ट न्हाईत, बोल्टाचे फोटो हाईत. भिंतीला लावा की." दुकानात चार माणसं होती, सगळी हसली. मग तू एकेक बोल्ट फरशीवर टाकून त्याचा आवाज मला ऐकवलास. चांगल्या पोलादाचा आवाज देवघरातल्या घंटेसारखा लांबतो, कच्च्या लोखंडाचा जागीच बसतो. पंधरा वर्षं लोखंडाचं दुकान चालवून मला ते ठाऊक नव्हतं.

लढाई संपल्यावर लष्करानं काढून टाकलेली ती अमेरिकन लॉरी मी घेतली ती तुझ्या जिवावर; तू गिरणी सोडून माझ्याकडे आलास. माझे नातेवाईक म्हणत होते की याला वेड लागलंय. मंद्रूपपर्यंत माणसं आणि पुढे भीमाकाठच्या गावांतून भुईमुगाची पोती, असा माझा बेत होता. सडक कुठवर होती ते तुला माहीतच आहे. तिथून पुढे बैलगाडीची चाकोरी, काळ्या रानातली ढेकळं, ओढे, आणि सीनेच्या पात्रात उतरणारी ती घसरण. तू पहिल्याच फेरीहून आलास, अंगावरची माती झटकलीस आणि म्हणालास, "अण्णा, सडकेवरची मोटार येगळी आनि ही येगळी. हिला रोज कुनीतरी धरून हलवालंय असं समजून नट लावायला पायजे."

आणि मग तू मला शिकवत गेलास. लॉरीच्या मागच्या लाकडी साट्याला, जिथं माणसं-पोती असतात तिथं, साधे स्क्रू मारायचे नाहीत, कारण सोलापूरच्या उन्हात लाकूड वाळतं आणि भोक मोठं होतं. तिथं आरपार बोल्ट आणि खाली रुंद वायसर, म्हणजे चकती. इंजिनाच्या धुराड्याला लोखंडी नट लावला तर तापून, गंजून असा धरतो की छिन्नीनं तोडावा लागतो. तिथं पितळेचा. स्टिअरिंगच्या सांध्याला नटातून पिन घालून ती दोन्हीकडे वाकवायची, आणि काढलेली पिन पुन्हा वापरायची नाही, मग ती कितीही चांगली दिसो. "एकदा वाकली की तिची अक्कल गेली," तू म्हणायचास. मी जुन्या पिना सरळ करून डब्यात टाकायचो आणि तू त्या निवडून उकिरड्यावर टाकायचास. वर्षभर आपलं हेच चाललं होतं. कुणी कुणाला बोललं नाही.

पण तुझा खरा जीव होता तो आट्यांत, बोल्टावरच्या त्या फिरत्या खाचांत. आपल्या लॉरीच्या अर्ध्या इंचाच्या बोल्टाला इंचात तेरा आटे. गिरण्यांसाठी मी जो विलायती माल ठेवायचो, त्यातल्या अर्ध्या इंची बोल्टाला बारा. नुसतं बघून मला कधी फरक दिसला नाही. तू दोन बोल्ट एकमेकांच्या आट्यांत बसवून उजेडाकडे धरायचास आणि मधून फट दिसली की माझ्या नाकासमोर आणायचास. "नोड, अण्णा, बघा की. दोघं सख्खे भाऊ दिसतात. एका घरात राहत न्हाईत." पण तुला स्वतःला उजेडसुद्धा लागायचा नाही. तू नट बोटांच्या टोकांनी फिरवायचास, डोळे दुसरीकडे, आणि सांगायचास. नट सगळाच्या सगळा हातानं चढला तर तो त्याच बोल्टाचा. मध्ये अडला तर परका. मग पान्याला हात लावायचा नाही. हा तुझा एकच नेम होता आणि दुसऱ्यानं नट चढवला की तू एकच प्रश्न विचारायचास, "हातानं किती आटं गेलं?"

तू म्हणायचास की एक दिवस साऱ्या जगात एकच आटा होईल. मी म्हणायचो, तसं झालं तर माझ्या दुकानात अर्धा माल पडून राहील. तू म्हणायचास, "राहू द्या की, तुमचं दुकान जगाहून मोटं हाय व्हय?" हा वाद आपण किती वेळा घातला असेल! तो अर्धाच राहिला, शिवप्पा. आता मी तुझ्या बाजूनं बोलतो आणि माझ्या बाजूनं बोलायला कुणी नाही.

एवढं सगळं लिहिलं, कारण पुढचं लिहायला हात धजत नव्हता.

अकरा वर्षांपूर्वी त्या आठवड्यात तू पुढच्या डाव्या चाकावरच्या कमानीचे पाटे उतरवले होतेस. एक पाटा तडकला होता. तो घडवून घ्यायला तू होटगीच्या लोहाराकडे खेटे घालत होतास. कमान आणि पुढचा आस एकत्र आवळून धरणारे ते घोड्याच्या नालेसारखे वाकवलेले दोन बोल्ट, त्यांचे चारही नट झिजले म्हणून तू फेकून दिलेस. दोन्ही बाजूंसाठी आठ नवे नट मुंबईहून मागवले होते. पार्सल आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मंद्रूपचा बाजार होता. त्याच महिन्यात त्या वाटेवर दुसऱ्या एकाची मोटार सुरू झाली होती, आणि एक बाजार चुकला तर माणसं तिकडे वळतील, अशी मला धास्ती होती. तू पाटा आणून, बसवून, संध्याकाळी घरी जाताना म्हणालास, "नट आल्याबिगर हलवू नका. एक बाजार गेला तर जाऊ द्या."

तू गेल्यावर मी गिरणीच्या मालातले चार नट काढले. अर्ध्या इंचाचे, नवेकोरे. गाडीखाली शिरलो आणि पाना लावून ते चढवले. असे घट्ट बसले की मला समाधान वाटलं. सकाळी तू आलास, खाली वाकून बघितलंस, हातोडीनं नटावर ठोकलंस. दगडासारखा आवाज आला. तू विचारलंस, "पार्सल आलं व्हय?"

मी म्हणालो, "आलं."

"हातानं चढले?"

"चढले की."

तू माझ्यावर विश्वास ठेवलास आणि फूटबोर्डावर चढलास.

सीनेच्या उतारावर तू नेहमी डाव्या फूटबोर्डावर उभा राहून चाकाकडे बघायचास. मी आत ड्रायव्हरशेजारी होतो. अर्ध्या उतारावर डावीकडचे नट आटे खाऊन निसटले, आस मागे सरकला आणि लॉरी डावीकडे वळून हळूहळू काठाला टेकत गेली. पोती घसरली. एका म्हाताऱ्याचा गुडघा सुजला, बाकीच्यांना खरचटलं. तुझा उजवा हात साट्याची फळी आणि काठाचा खडक यांच्यामध्ये सापडला. तुला दुसऱ्या गाडीनं इस्पितळात पाठवलं आणि मी एकटा मागे राहिलो. एक नट बोल्टाच्या टोकाला लटकत होता. मी तो काढून वाळूत पुरला. तू असेपर्यंत हे मी कुणाला सांगितलं नाही.

हात वाचला. पण अंगठा आणि जवळची दोन बोटं, त्यांची टोकं मेली. सुई टोचली तरी तुला कळायचं नाही.

गावोगाव बभ्रा झाला की शिवप्पाचा नट निसटला. मी ऐकत राहिलो. मंद्रूपच्या बाजारात लोक चढण्याआधी विचारू लागले, "मोटारीला कुनाचा हात लागलाय?" आणि तुझं नाव ऐकलं की बैलगाडी धरायचे. एका बाजाराला मी मोठ्यानं सांगितलं, "मिस्त्री बदललाय. चढा बिनघोर." तू तेव्हा ड्रायव्हरच्या शेजारी बसला होतास. हात गळ्यात बांधलेला. तू समोरच्या काचेतून बघत राहिलास. मंद्रूप तुझी सासुरवाडी. त्यानंतर एका लग्नापुरता तू तिकडे गेलास आणि मग कधीच नाही. काम मात्र सगळं तूच करत होतास, मागच्या पडवीत, जिथं गिऱ्हाइकाची नजर जात नाही.

तू इस्पितळातून आलास तेव्हा मुंबईचं पार्सल आलेलं होतं. मी ते लपवायला हवं होतं, पण राहून गेलं. तू डाव्या हातानं दोरा कापलास, कागद उलगडलास आणि नट फरशीवर ओळीनं मांडलेस. आठ. मागवले होते तेवढे आठ. तू पुन्हा एकदा बोटानं मोजलेस, डब्यात टाकलेस, आणि म्हणालास, "अण्णा, चहा सांगा."

त्या दिवसापासून एक नवा रिवाज सुरू झाला. तुझ्या बोटांना कळत नव्हतं, म्हणून नट आधी मी चढवायचा आणि मग तू आवळायचा. तू पाना धरून शेजारी उकिडवा बसायचास. मी हातानं नट फिरवायचो. तू विचारायचास, "किती गेलं?" मी म्हणायचो, "सात." "अजून?" "अकरा. सगळा गेला." मग तू मान हलवून पाना लावायचास. अकरा वर्षं, शिवप्पा. कित्येकदा मला वाटायचं की हा मला शिक्षा देतोय. मी चिडून म्हणायचो, "एकदा काय ते बोलून टाक." तू म्हणायचास, "काय बोलू? पुडचा नट घ्या." कधी मात्र, दोघं गाडीखाली आडवे पडलेले असताना, तुझ्या बोटांचं काम माझी बोटं करताहेत, हे मला इतकं चांगलं वाटायचं की ते काम संपू नये असं व्हायचं. बोल्ट हातात घेतला की आज मला कळतं तो कुठला आहे. डोळे मिटून कळतं. ते तू मला दिलंस, आणि तुझ्याकडून काय हिरावलं गेल्यावर दिलंस, ते मी विसरू शकत नाही.

शेवटच्या आठवड्यात तुला ताप उतरत नव्हता. मी दुपारी तुझ्या घरी येऊन बसायचो. एका दुपारी वहिनी आत गेल्या होत्या. तू डोळे न उघडता विचारलंस, "अण्णा, त्या दिवशी हातानं किती आटं गेलं होतं?"

मला समजलं होतं. तरी मी म्हणालो, "कुठल्या दिवशी?"

तू म्हणालास, "असू द्या." आणि कूस बदललीस. तिसऱ्या दिवशी तू गेलास.

मी वहिनींकडे गेलो तो तेराव्या दिवशी. गंगव्वा वहिनी दारातच धान्य निवडत बसल्या होत्या. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, पार्सलापासून वाळूत पुरलेल्या नटापर्यंत. त्यांचा हात थांबला नाही. सूप पाखडत राहिल्या. तशाच म्हणाल्या, "आज सांगालाव व्हय?"

मी उंबऱ्याशी टेकलो.

"माज्या भावाच्या लग्नात पंगतीत कुनीतरी म्हनलं, वाढप्या, तुज्या पळीचा नट आवळ रे, न्हाईतर शिवप्पाच्या ताटात पडंल. सगळी पंगत हसली. ह्यो मानूस उटला न्हाई. जेवला. घरी येऊन म्हनला, भात बरा झालता." त्यांनी सुपातला खडा उचलून बाहेर टाकला. "मला कशाला सांगताव? जितं हसले तितं जाऊन सांगा."

"सांगतो, वहिनी."

"आनि त्याचा हात परत आनताव काय?" त्या उठून आत गेल्या. पाण्याचा तांब्या आणून माझ्यासमोर ठेवला आणि पुन्हा सूप घेतलं.

परवा मंद्रूपचा बाजार होता. सकाळी लॉरीच्या पुढच्या दोन्ही कमानींचे नट मी सोडवले आणि नव्यानं चढवले, हातानं, मोजत. शेजारी पाना धरून कुणी नव्हतं. आवळलेही मीच. मंद्रूपला वेशीजवळ गाडी थांबली तसा फूटबोर्डावर उभा राहिलो आणि सांगितलं की अकरा वर्षांपूर्वी सीनेच्या उतारावर जे नट निसटले, ते मी लावले होते. शिवप्पानं नको म्हटलं होतं. मी त्याला पार्सल आल्याचं खोटं सांगितलं. आणि मिस्त्री कधी बदललाच नव्हता, ही मोटार इतकी वर्षं त्याच्याच हातानं धावली. बाजारात कुणाला वेळ असतो! काही जण थांबले, काही निघून गेले. एकजण म्हणाला, "मेल्यावर काय सांगालाव, सावकार?"

घोंगडी पांघरलेला एक म्हातारा पुढे आला. "म्या व्हतो त्या मोटारीत. ह्यो गुडघा अजून दुकतोय." लोक हसले. तो हसला नाही. त्यानं विचारलं, "मंग नट लावताना तुमाला कळलं न्हाई व्हय, त्यो दुसरा हाय म्हून?"

इथं मला पळवाट होती. दुकानदार आहे, मिस्त्री नाही, कळलं नाही, असं म्हणता आलं असतं. अकरा वर्षं मी स्वतःलाही हेच सांगत आलो होतो. वर मीही असंच लिहिलं आहे की पाना लावून नट चढवले. पान्याच्या आधीचं लिहिलेलं नाही.

मी म्हणालो, "कळलं होतं. आधी हातानं चढवून बघितला. अडीच आटे गेला आणि अडला. परका आहे हे कळलं. मग पाना घेतला."

म्हाताऱ्यानं माझ्या हातांकडे बघितलं. मग त्यानं विचारलं, "आज मोटारीला कुनाचा हात लागलाय?"

"माझा."

त्यानं घोंगडी खांद्यावर नीट घेतली. "मंग म्या बैलगाडीनं जातो," म्हणाला आणि गेला. त्याच्यामागून आणखी दोघं-तिघं निघाले.

परतताना लॉरी निम्मी रिकामी होती. मी डाव्या फूटबोर्डावर उभा होतो, तू उभा राहायचास तिथं. सीनेच्या उतारावर ड्रायव्हरनं वेग कमी केला. मी चाकाकडे बघत होतो.

अडीच, शिवप्पा. हातानं अडीच आटे गेले होते.